घरात कोण कोण?

४ फेब्रुवारी

सूनबाई,

आशीर्वाद लिहिते आहे. घ्यायचे की परत पाठवायचे ते तुझं तू ठरव. फोन तू उचलत नाहीस, आणि फोनमधली ती बाई मला दर वेळी तेच तेच सांगते. तिच्याशी किती बोलणार? म्हणून कागद घेतला.

कामाचं तेवढंच लिहिते. नगरपालिकेच्या घरांच्या योजनेत तुझं नाव निघालं. आपण दोघींनी रांगेत उभं राहून अर्ज दिला होता, आणि पुढचा माणूस नुसती पिशवी ठेवून जागा धरून गेला म्हणून मी भांडले होते, तोच अर्ज. मला वाटलं होतं, त्याची एव्हाना रद्दी झाली असेल. माझं वय त्यांच्या नियमात बसत नव्हतं म्हणून अर्जदार तू होतीस. तेव्हा घर मिळणार ते तुला. मी नुसती निरोप्या.

जमीन नगरपालिकेची. पाया आणि छप्पर तिच्या निधीतून. उरलेल्याचे हप्ते, ते आपल्यासारख्यांना झेपतील एवढेच. बदल्यात अटी आहेत. मालकाने स्वतः तिथे राहायचं, भाड्याने द्यायचं नाही. आणि ज्यांची नावं निघाली त्या सगळ्या घरच्यांनी दर शनिवारी बांधकामावर राबायचं. गंमत म्हणजे कोणतं घर कोणाचं ते आधी सांगत नाहीत. सगळी घरं उभी राहिली की चिठ्ठ्या टाकणार. म्हणजे प्रत्येक जण प्रत्येक घर आपलं समजून बांधेल, असा नगरपालिकेचा होरा. हा नियम करणाऱ्याला माणसं फारशी भेटलेली दिसत नाहीत.

सोबत कागद आहे. सही करायची असेल तर करून पाठव. नसेल करायची तर तसं कळव, तुझी जागा पुढच्याला जाईल. माझ्याकडे बघून काही करू नकोस. मी आहे तिथे बरी आहे.

जाता जाता सांगते, आपल्या इमारतीच्या जिन्यात नोटीस लागली आहे. ऑगस्टअखेर सगळ्यांनी खोल्या रिकाम्या करायच्या, मग पाडणार म्हणे. जिन्याला लोखंडी टेकू लावलेत, त्यामुळे वर येताना मान वाकवावी लागते. ज्यांनी जन्मात कोणापुढे मान वाकवली नाही त्यांची पंचाईत झाली आहे. हे आपलं सहज सांगितलं.

तुझी सासू,
अजून तरी कागदोपत्री

२ मार्च

सूनबाई,

सही पोहोचली. पाकीट उलटं करून झटकलं, पण कागदाशिवाय काही पडलं नाही. दोन ओळी लिहिल्या असत्यास तर पाकीट काही जड झालं नसतं. असो.

मागच्या पत्रात मी ताकाला जाऊन भांडं लपवलं, हे तुला कळलंच असेल. दुसरी जागा मी शोधून पाहिली. या वयाच्या एकट्या बाईला खोली द्यायला कोणी तयार नाही. हे घर झालं नाही तर मी कुठे जाणार ते मला ठाऊक नाही. झालं एकदाचं लिहून.

तुझ्या वाटणीचं काम मी करते आहे. घरातल्या कोणीही केलं तरी चालतं. नगरपालिकेने शिकवायला एक मुकादम नेमलाय. तोंडात खिळे धरून बोलतो, त्यामुळे त्याचं निम्मं समजतं आणि निम्मं आपण समजून घ्यायचं. मला प्लास्टर दिलं. आयुष्य बेकरीत मैदा मळण्यात गेलं, तेव्हा मला वाटलं, यात काय एवढं? मुकादम येऊन भिंतीपाशी थांबला, हात फिरवला, खिळे हातात काढून घेतले आणि म्हणाला, "आजी, हा पाव नाही. याला फुगू द्यायचं नसतं." भिंतीला चांगलं पोट सुटलं होतं. सगळं खरवडून पुन्हा केलं. घर पाहावं बांधून म्हणतात. म्हणणाऱ्याने ते लांबूनच पाहिलं असणार.

माझ्या जोडीला एक न्हावी आणि त्याची बायको असते. न्हावी थापी वस्तरा धरल्यासारखी धरतो आणि भिंतीला विचारतो, "लागत नाही ना?" त्याची बायको कमी बोलते, पण तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

मुकादमाने विचारलं, सून का येत नाही? म्हटलं, लांबच्या गावी कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते, रजा मिळत नाही. मग विचारलं, मुलगा? म्हटलं, ट्रक चालवतो, लांबच्या फेरीवर आहे. यात खोटं काही नाही. फेरी जरा जास्तच लांबली, आणि वाटेत त्याने दुसरं बिऱ्हाड केलं, एवढं मात्र मी बोलले नाही.

जाताना मला न सांगता गेलीस, त्याचा राग अजून आहे. तो राहणार. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली मी.

सासू

१९ एप्रिल

सूनबाई,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, एक ओळ. "तो तिथे राहणार आहे का?" ना आई म्हणून लिहिलंस, ना कशा आहात म्हणून. घराला अजून दारं नाहीत आणि तुला कोण राहणार याची चिंता.

आधी इकडची मजा ऐक. नगरपालिकेचा होरा साफ चुकला. कोपऱ्याच्या घराला दोन बाजूंनी उजेड येतो. प्रत्येकाने मनाशी धरून ठेवलं की निघालं तर आपल्याला हेच निघणार. मग जो तो दुसऱ्याची नजर चुकवून तिथेच जास्तीचा हात मारायला लागला. कोणी चौकटींना पुन्हा रंग दिला, कोणी ओटा इतका घासला की त्यात तोंड दिसावं. मीसुद्धा तिथल्या भिंतीवर जीव ओतला, लपवत नाही. आणि पाण्याच्या टाकीजवळचं शेवटचं घर सगळ्यांनी सावत्र पोरासारखं वागवलं. तिथल्या न्हाणीघराचा उतारच उलटा निघाला. अंघोळ केली की पाणी दाराबाहेर पाहुण्यांच्या स्वागताला.

मुकादमाने आम्हां सगळ्यांना त्या दारात उभं केलं आणि आत बादली ओतली. सगळ्यांचे पाय भिजेपर्यंत थांबला. मग म्हणाला, "हे कोणाला निघणार ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे?" सगळ्यांनी मान खाली घालून फरशी उकरली आणि न्हाणीघर नव्याने केलं. न्हावी पुटपुटला, "केस वाकडे कापले तर निदान पुन्हा वाढतात."

माझे गुडघे मध्ये फार दुखले. गेले काही शनिवार मी सावलीत बसूनच असते. काम थांबलेलं नाही, आपल्या घराचा एकही खाडा नाही, काळजी करू नकोस. कोण करतं ते पुढे कधीतरी लिहीन. हल्ली चहा दोन कपांचा टाकते, एवढंच.

चष्म्याची काच तडकली आहे. अक्षर वाकडं आलं असेल तर समजून घे.

सासू

२५ मे

सूनबाई,

माझं पत्र तू न फोडता परत पाठवलंस. मी पाकीट हातात धरून बराच वेळ बसले, मग लक्षात आलं. चष्मा तडकला होता म्हणून पत्ता मी त्याच्याकडून लिहून घेतला होता. ते अक्षर तू ओळखलंस. हे पाकीट मी स्वतः लिहिलंय. परत आलेलं पत्रही यात घातलंय.

हो, तो आला आहे. मार्चमध्ये आला. नगरपालिकेच्या भिंतीवरची नावांची यादी कोणा ओळखीच्या ड्रायव्हरने वाचली आणि त्याला कळवली. दुसरं बिऱ्हाड मोडलं म्हणतो. आयत्या बिळावर नागोबा, असं तू मनात म्हणशील. मीही दार उघडलं तेव्हा तेच म्हटलं होतं. पण तो दारात उभा होता, वाळलेला, दाढी वाढलेली, आणि म्हणाला, "आई, आत येऊ ना?" मी बाजूला झाले. पोटचा आहे, सूनबाई. याला माझ्याकडे दुसरं कारण नाही.

ते दिवस मला गोड लागले, खोटं कशाला बोलू? सकाळी घरात आवाज असायचा. जिन्यातल्या टेकूंना त्याने फडकी गुंडाळली, माझं डोकं आपटू नये म्हणून. बांधकामावर त्याने माझ्या हातातलं घमेलं काढून घेतलं आणि मला सावलीत बसवलं. काम असं केलं की मुकादमानेही खिळे काढून शाबासकी दिली. लोक म्हणाले, आजी, मुलगा असावा तर असा. आणि मी ते ऐकून घेतलं. फार वर्षांनी कोणी असं म्हणत होतं.

मग एक दिवस न्हाव्याची बायको माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "आजी, हजेरीत तुमच्या घरापुढे त्याचं नाव लागतंय बरं का."

"मग? काम तोच करतो."

"नियम ठाऊक आहे ना? जो राबला तो घरातला. नवरा आहे वर. चौकशीला बाई येतील तेव्हा तुम्ही हो म्हणालात, की मालकीत त्याचंही नाव चढेल."

मी गुडघ्यांना जपायला गेले आणि त्याला घरात घेऊन बसले. मला खरंच माहीत नव्हतं. आता माहीत आहे.

नाही म्हणाले तर त्याने भरलेले सगळे शनिवार रद्द होतात. ते पुन्हा भरेपर्यंत घर मिळत नाही. आणि ते भरायला मी आणि माझे हे दोन गुडघे.

तू मला काय सांगशील ते मला ऐकू येतंय. त्याने तुझं शिलाई मशीन विकलं, तुझ्या हातचं काम आणि गिऱ्हाइकं गेली, तेव्हाही तू ओरडली नव्हतीस. मशीन होतं तिथे फरशीवर स्वच्छ चौकोन राहिला होता. तू घरात होतीस तोवर त्या चौकोनावर पाय ठेवला नाहीस, वळसा घालून जायचीस. आणि मी रोज म्हणायचे, येईल तो, सुधारेल. तू का गेलीस ते मला कळत नाही असं समजू नकोस. आवडत नाही, ते वेगळं.

तो बदललाय असं मला वाटतं. वाटतं म्हणजे काय, वाटून घ्यावंसं वाटतं.

चौकशीच्या बाई पुढच्या आठवड्यात येणार आहेत. मी काय बोलणार ते मला आज तरी माहीत नाही.

सासू

३ जून

सूनबाई,

चौकशीच्या बाई काल येऊन गेल्या. तरुण आहेत, जिना चढताना त्यांनाही मान वाकवावी लागली. त्यांनी कागद मांडीवर घेतले. चिरंजीवांनी चहा केला, चांगला केला. कप देता देता त्याने विचारलं, "ताई, हे घर किती वर्षांनी विकता येतं?"

अगदी सहज विचारलं. जसं आपण दुकानात पावाचं पाकीट हातात घेऊन विचारतो, कधीचा आहे.

बाई म्हणाल्या, "बाहेर विकता येत नाही. सोडायचं असेल तर नगरपालिकेलाच परत द्यायचं, ठरलेल्या भावात. त्याचे पैसे मालकाला मिळतात."

"मालक दोघं असले तर?"

"तर दोघांच्या सह्या लागतात."

तो हसला. तुला ते हसू माहीत आहे. म्हणाला, "सहीचं काही नाही हो. तिला समजावता येतं."

मी त्याच्याकडे पाहत होते, आणि मला तो फरशीवरचा चौकोन दिसायला लागला. तो अजून दिसतो, बरं का. घासून घासूनही बाकीच्या फरशीसारखा झालेला नाही.

बाईंनी पेन उघडलं. "बोला आजी, घरात कोण कोण?"

मी म्हटलं, "आम्ही दोघी. माझी सून आणि मी."

"आणि हे?"

"हा पाहुणा आहे."

बाईंनी हजेरी चाळली. "पण यांनी तर इतके शनिवार काम केलंय."

"पाहुण्याने हात लावला. ते खोडा. तेवढं काम मी भरून देईन."

बाईंनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. मी पदर त्यांच्यावर ओढून घेतला. त्यांनी खोडलं.

त्या गेल्यावर तो म्हणाला, "आई, मी पाहुणा?"

मला म्हणायचं होतं पुष्कळ. तोंडातून निघालं, "चहा घे, गार होतोय."

त्याने आदळआपट केली नाही. केली असती तर मला सोपं गेलं असतं. आज सकाळी गेला. दारात थांबून म्हणाला, "तिच्यासाठी मला घालवतेस?" मी म्हटलं, "तू घालवण्याआधीच गेला होतास रे. मीच मानत नव्हते." मग तो जिना उतरला. त्याने गुंडाळलेली फडकी टेकूंना तशीच आहेत.

मी रडले. भरपूर रडले, दार लावून. तुझ्यामुळे रडले असं समजू नकोस, आणि तुझ्यासाठी त्याला नाकारलं असंही नाही. बाईंनी जे विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं, एवढंच. इतकी वर्षं मी या घरात दोन बायकांचा स्वयंपाक करत होते आणि ताटं तीन मांडत होते.

तुझा पत्ता त्याला कळला आहे, तो माझ्यामुळे. तो तिकडे येणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही. कारखान्याच्या पहारेकऱ्याला सांगून ठेव.

सासू

८ सप्टेंबर

सूनबाई,

रद्द झालेले सगळे शनिवार भरून झाले. उभ्याने जमेना, म्हणून मुकादमाने मला बसायला एक फळी दिली. बसल्या बसल्या वाळू चाळली, फरशीच्या सांध्यांत सिमेंट भरलं, सरकत सरकत खोल्याच्या खोल्या केल्या. एकदा मुकादम म्हणाला, "आजी, आज दोन शनिवार मांडतो. कोण बघतंय?" म्हटलं, "सवलत एकदा घेतली होती, ती महागात पडली. एकच मांडा." शेवटच्या दिवशी न्हाव्याने स्वतःहून माझी फळी धुऊन ठेवली.

चिठ्ठ्या निघाल्या. कोपऱ्याचं घर न्हाव्याला. आणि आपल्याला टाकीजवळचं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आता ही काय बोलते म्हणून. मी हसतच सुटले. दाराला कुलूप लागण्याआधी, सोमवारी, मी न्हाणीघर तपासलं, चांगली भरलेली बादली ओतून. पाणी मुकाट्याने जाळीकडे गेलं. भिंती सरळ आहेत. एका जागी हात फिरवला तर किंचित पोट लागतं, पण तिथे कपाट येईल.

जुनी इमारत रिकामी झाली. मी न्हाव्याच्या घरी आहे, पुढच्या खोलीत. माणसं चांगली आहेत. पण दुसऱ्याच्या घरी मी चमचासुद्धा हळू ठेवते, आणि मग वाटतं, माझ्या घरात तू किती वर्षं चमचे हळू ठेवलेस.

किल्ली नगरपालिकेच्या कचेरीत आहे. ती फक्त मालकिणीच्या हातात देतात. मी मागितली नाही.

परवा तुझं पत्र आलं. तेही एकाच ओळीचं. "आई, खिडक्यांची मापं कळवा, पडदे शिवून आणते."

ती ओळ मी न्हाव्याच्या बायकोकडून दोनदा वाचून घेतली. चष्मा नवा आहे, मला नीट दिसतं. तरी वाचून घेतली. मग मुकादमाकडून टेप मागितला आणि बाहेरून, जाळीतून हात घालून, सगळी मापं घेतली. ती मागच्या पानावर लिहिली आहेत. मुकादमाने ताडून पाहिली, चूक नाही.

खोल्या दोन आहेत. तू पुन्हा मशीन घेतलंस तर मांडायला पुढच्या खोलीत उजेड चांगला आहे. आतल्या खोलीत कोणी राहायचं ते मालकिणीने ठरवायचं. नियमात सासूचं नाव कुठेच नाही. मी चौकशीच्या बाईंना आम्ही दोघी असं सांगितलं खरं, पण तुला न विचारता सांगितलं. तू नाही म्हणालीस तरी मी त्यांना काही सांगायला जाणार नाही. माझं काहीतरी होईल.

तू आलीस की किल्ली घे, दार उघड, आत जा, खिडक्या उघड, हवं तर पडदे लावून बघ. मी बाहेर टाकीच्या कट्ट्यावर बसलेली असेन. घाई नाही.

आजवर तू माझ्या घरी प्रत्येक गोष्ट मला विचारून केलीस. आता मी विचारते.

येऊ का?

तुझी आई